पाचटाचं छप्पर

ज्या वर्षी कृष्णा आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर येऊन बसली
त्या वर्षापासून वडील गच्चीवर मांडव घालतात.
चार वेळू, सुतळी, उसाचं पाचट,
आणि सांगलीवाडीच्या कुठल्याशा बांधावरून
मागून आणलेल्या शिंदीच्या दोन झावळ्या.
छप्पर विरळच हवं, हा त्यांचा हट्ट.
"चांदणी दिसली पाहिजे. नाहीतर मग ते घर झालं."

पाळकसाहेब जिन्यात दम खात म्हणाले,
"शांतवनराव, हा सण आपल्यात नाही हो."
वडील गाठ मारत होते, दातांत सुतळी.
"ताडपत्रीखाली सतरा रात्री आपणच होतो ना, साहेब?"
एवढंच.

सतरा रात्री.
शाळेचं पटांगण, आणि वर आभाळाच्या जागी
निळं, ठिबकणारं काहीतरी.
कुण्या ट्रकमधून भाकऱ्या आल्या,
कुठल्या गावच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.
चटणी कागदात, कागदावर कुणाचा तरी गृहपाठ.
आई पुडी उघडून म्हणाली, "हे काय?"
आणि स्वतःशीच हसली.
रानातल्या त्या पहिल्या सकाळी
जमिनीवरचं पांढरं वेचताना
लोक हेच म्हणाले होते.

पाणी ओसरलं तेव्हा दुकानापुढे मोटारींची रांग,
गाळानं भरलेल्या, एकीत तर बेडूक.
रिवाइंडिंगचा असा हंगाम
वडिलांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता,
आणि रविवारी त्यांनी शटर ओढलं.
लोक चिडले. "ही काय वेळ आहे सुट्टीची?"
"सुट्टी नाही," ते म्हणाले, "विसावा."
दुपारी कुणी बाळंतिणीच्या घरची मोटार
हातगाड्यावर घालून आणली,
तेव्हा तेच कुलूप त्यांनी काढलं.
बैल खड्ड्यात पडला की दोर शोधायचा, वार नव्हे.
पैसे घेतले नाहीत.
सोमवारी घेतले. सगळ्यांचे. चोख.

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लिलाव:
भोपळा, हळकुंडं, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी,
आणि मध्येच आमचं तांब्याच्या तारेचं वेटोळं,
पुरानंतर वडिलांनी गुंडाळलेलं पहिलं.
प्रथमफळ.
कुणी बोली लावेना. तारेची काय भाजी करायची?
शेवटी आईनंच एकावन्न रुपयांना ते सोडवलं.
अजून लटकतं खिळ्याला, कॅलेंडरशेजारी,
हिरवट पडत चाललंय.

मी एकदा विचारलं,
ज्यांच्या दारी होडी आलीच नाही
त्यांनी कुठला सण करायचा?
वडील काही बोलले नाहीत.
त्या रात्री मांडवात त्यांनी एक चटई जास्त अंथरली.
दरवर्षी अंथरतात.
तिच्यावर कुणी बसत नाही.

यंदा त्यांचे हात कापतात, तार सुटते बोटांतून.
वेळू मी बांधले, जरासे तिरके.
पाचटाची कुसळं भातात पडतात म्हणून
आई कुरकुरते, ताटावर ताट झाकते.
पुलावरचा आकडा बघायला मी मोबाइल काढला
आणि तसाच उलटा ठेवला.
वडील उताणे पडून फटी मोजताहेत.
"फार दाट घातलंस गं," म्हणतात,
"त्या कोपऱ्यात जरा उसव."