पाइपातला वाटाणा

दुकानदाराने मोजून बारा बिया दिल्या,
करड्या, काजूच्या आकाराच्या, पण नखावर तीन मावतील एवढ्याच,
आणि म्हणाला, बाई, वाळवंटातला वाटाणा आहे,
याला लाड चालत नाहीत.

व्हिंकोच्या बोटांना बी लागेना.
एकतीस वर्षं ब्रोकन हिलच्या पोटात ड्रिल धरलेली बोटं;
शर्टाची बटणंसुद्धा आता मीच लावते.
म्हणून ओट्यावर सँडपेपर पसरून
एकेक बी मी घासली,
कवच जरासं फिकं दिसेपर्यंत. त्यापुढे नाही.
हा शेजारी उभा. हळू. अजून हळू.

रात्रभर कोमट पाण्यात.
सकाळी नऊ फुगल्या, तीन तशाच, हट्टी, तळाशी.
त्या तीन त्याने खिशात टाकल्या.

परसात गटाराचा मातीचा पाइप पडला होता,
रस्ता खोदला तेव्हाचा, कुणी परत न नेलेला.
तो उभा पुरला, जाड वाळू भरली,
कारण याचं मूळ सरळ खाली जातं
आणि एकदा रुजलं की हलवलेलं त्याला खपत नाही.
"खाली जाणाऱ्याला वाट मोकळी हवी," व्हिंको म्हणाला.
खाणीबद्दल तो एवढंच बोलतो,
तेही झाडाच्या नावावर.

शेजारची मर्ना कुंपणावरून बघत होती.
तिची माणसं इथे खाणीच्या कितीतरी आधीपासूनची.
"ड्रेनेजमध्ये लावलंत?" हसून हसून ती खोकलीच.
"आमच्यात कुणी लावत नाही गं.
पाऊस झाला की गाडी काढायची, बघायला जायचं.
असलं तर असतं."
मग रोज संध्याकाळी विचारायची, किती पानं झाली?

पहिली रोपं व्हिंकोने बुडवून मारली.
पहाटे चारला उठायचा, जुन्या पाळीची सवय,
अंधारात नळी धरून उभा.
"तहानलंय ते."
तहान तुला लागलीय, मी म्हटलं,
आणि नळाची चावी काढून चहाच्या डब्यात ठेवली.
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी त्याने चहा केला, चावी दिसली,
झाकण लावलं, बोलला नाही.

उरलं एक.
राखाडी पानं, मांजराच्या कानावर असते तशी लव,
पाइपाच्या काठावरून खाली लोंबू लागली.
डिसेंबरात कळ्या धरल्या, लाल चोची,
आणि नेमकं तेव्हाच
सात महिन्यांनी आभाळ भरून आलं.

सगळी गल्ली बाहेर.
पोरं अनवाणी, मर्नाचा नातू जीभ काढून,
समोरचे म्हातारे क्लॅरी तर खुर्चीच घेऊन रस्त्यात बसले.
आणि माझा नवरा
पाइपापाशी उकिडवा, हातात माझी फुलाफुलांची छत्री,
स्वतः निथळत, झाड कोरडं.
(पानं भिजली की बुरशी धरते, पुडीवर लिहिलं होतं.
पुडीवरचं त्याने तेवढंच वाचलं.)
क्लॅरी ओरडले, अरे व्हिंको, पाऊस आहे तो, चोर नाही!
मी दुसरी छत्री घेऊन गेले.
त्याच्या डोक्यावर नाही धरली.
वारा येत होता त्या बाजूला धरली.

तीन दिवसांनी उमललं.
लाल. एवढं लाल की कपडे वाळत घालताना
पाठमोरी असूनही मला ते कळत होतं.
आणि मधोमध काळा, चकचकीत फुगवटा,
पापणी नसलेलं बुबुळ.
व्हिंको बघत राहिला. ते त्याच्याकडे.
"हे डोळे मिटत नाहीत गं," तो म्हणाला, जरा हळूच,
आणि त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपला.

मर्नाने सहा फुलं मोजली.
"चांगलं आहे," म्हणाली. "पाळीव दिसतंय."

काल धुण्याआधी त्याची पँट उलटी केली.
खिशातून दोनच बिया पडल्या.
तिसरीचं विचारलं तर खांदे उडवले.
दारात मात्र आणखी एक पाइप आहे,
कुठून आणला, विचारायचं नाही.