धारेचा हिशेब

लोक सांगतात, वेइक्का हाउतालाम्पीने एकोणीस मोसमांत
सत्तावीस गोल केले.
गोलांचं मला माहीत नाही. मी पाती बघते.
केमीच्या रिंकमागची ही खोली, खिडकी नसलेली,
कागदगिरणीचा आंबूस वास दाराच्या फटीतून
बारा महिने आत येतो.

पहिल्यांदा आला तेव्हा आठ वर्षांचा.
बहिणीचे पांढरे स्केट, चुलीच्या काळ्या रंगात रंगवलेले,
पात्याचे पुढचे दात बापाने कानशीने घासून काढलेले.
घोट्यापाशी पांढरं दिसायचं ते दिसतच होतं.
मी विचारलं, पुढे खेळणार की मागे?
म्हणाला, मागे.
पुढे जायला रांग आहे.

उलटं पळायला शिकण्यात त्याचे दोन हिवाळे गेले.
बचावपटूचं सगळं कसब त्यातच:
मागे जायचं, पण पाठ दाखवायची नाही.
समोरून येणाऱ्याच्या छातीवर नजर,
पककडे पाहिलंस की फसलास.
अंगाने भारी होत गेला तशी त्याला उथळ पन्हळ लागायला लागली,
बर्फात रुतणारी नको, सरकू देणारी धार.
तेवढं एक माप मी वहीत लिहून ठेवलं.
बाकी सगळं बदललं.

विसाव्या वर्षी गेला. आधी स्वीडन, दुय्यम लीग,
मग अमेरिकेतलं एक गाव, जिथून कुठलाही सामना
अकरा तासांच्या बसप्रवासावर.
उन्हाळ्यात घरी आला की पाती माझ्या टेबलावर ठेवायचा
आणि मी वाचायचे.
डावी बाहेरची कड झिजलेली: कोणीतरी वेगवान
त्याला त्याच बाजूने वळसा घालत होतं.
उजव्या टाचेला खाच: गोलखांब.
एका वर्षी पाती जवळजवळ कोरी. मी वर बघितलं.
"मोठ्या लीगने बोलावलं होतं," तो म्हणाला.
"नऊ दिवस. चार सामने. एकतीस मिनिटं बर्फावर."
आणि हसला, तेव्हा कळलं
वरचे दोन दात तिकडेच राहिलेत.

नंतर स्लोव्हाकिया. नंतर इटलीच्या डोंगरातलं
एका बाजूने उघडं रिंक, कबुतरं असलेलं.
चौतिसाव्या वर्षी परत इथे.

त्या वसंतातला उपांत्य सामना गावात अजून निघतो.
शेवटची दोन मिनिटं, बरोबरी,
तो पक अडवायला आडवा झाला
आणि पक त्याच्या डाव्या पात्याला लागून
आमच्याच जाळ्यात.
ती धार दुपारी मी लावली होती.
कितीदा तरी मनात ते पातं पुन्हा दगडावर धरलं,
केसभर इकडे, केसभर तिकडे.
दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, हातात
वेलदोड्याचा पाव, कागदात अजून गरम.
स्केट ठेवले.
"कालच्यासारखीच लाव," म्हणाला.

सोडला तेव्हा फुलं नव्हती, भाषण नव्हतं.
गुडघा होता. डॉक्टरांचा एक कागद होता.
त्या जोडाचं पातं नखाएवढं उरलं होतं,
दगडाला द्यायला लोखंडच नव्हतं.

खेळावर पाणी सोडलं, असं आपण म्हणतो.
वेइक्का खरोखरच सोडतो, रोज रात्री दहाला,
बर्फाच्या गाडीवर बसून, गरम, पातळ पाणी,
पोरांनी खरवडलेलं सगळं त्याखाली मिटत जातं.
गाडी पुढे चालते,
तो मान वळवून मागचं बघत असतो.
सवय.

काल त्याने नवा जोड आणला. कशाला, मी विचारलं नाही.
वहीतलं ते माप काढलं.
उशिरा, दिवे मालवून निघताना
भिंतीपलीकडून आवाज आला, लांब, अर्धगोल,
एक पाय, मग दुसरा.
चाळीस वर्षं ऐकतेय, एवढं मला कळतं:
पुढे जाणाऱ्याचा आवाज असा नसतो.
मी कुलूप न लावताच
थोडा वेळ तिथे उभी राहिले.