पस्तीसच्या आत

हर्णैचा लिलाव साडेचारला सुरू होतो
आणि साडेपाचच्या चिपळूण गाडीला मला डबा द्यायचा असतो.
बर्फ मी बंदरावरूनच घेते,
सुरमईच्या पेट्यांवरचा चुरा, अर्धा किलो.
त्यात तुमच्या रक्ताची नळी, द्वारकाबाय,
लेबलावर माझं अक्षर: पावसे, वय चोपन्न.
मासळी आहे का, कंडक्टर विचारतो.
मी नाही म्हणते. त्याचा विश्वास वासावर.

पोट फुगतं गो, म्हणाला होतात, जेवलं नाही तरी.
गॅसच्या गोळ्यांत तेव्हा सहा महिने गेले होते.

रिपोर्टवर प्रथिनाचं नाव, नाव कसलं, नंबरच:
सी.ए. एकशेपंचवीस.
मी पुस्तकातलं सांगू लागले,
पेशीच्या अंगावरचा लांबलचक रेणू, साखरेने माखलेला,
तर माझा हात धरून म्हणालात,
"वामेच्या अंगावर असते तशी बुळबुळ?"

तशीच.
डोळ्यांत असते, श्वासनळीत असते,
आतलं आत घासू नये म्हणून असते.
गुन्हा तिचा नाही.
पण गाठीने तीच अंगावर ओढून घेतली
की रक्तातले राखणदार पकडायला जातात
आणि हात रिकामे येतात.
पोटाच्या अस्तराला मात्र तीच बुळबुळ घट्ट चिकटते,
हे मी त्या दिवशी सांगितलं नाही.

"वाम राखेने धरतात."
"राख मोठ्या दवाखान्यात मिळते," मी म्हटलं.

चारशे बारा.
ऑपरेशननंतर एकशेचार.
तिसऱ्या सलाईनला एकोणतीस.
पस्तीसच्या आत म्हणजे बरं, एवढं पाठ करून
पापलेटचा भाव सांगावा तसा
आकडा अख्ख्या पाजपंढरीला सांगितलात.

मी सांगत राहिले, हा आकडा खोटंही बोलतो.
पोटाच्या टीबीत चढतो, पाळीत चढतो,
कधी गाठ असून गप्प बसतो.
"नुसता कल्ला लाल बघून बांगडा घेते का मी?
डोळा बघते. पोट दाबते."

आज लिफाफा आला.
अठ्ठावन्न.
तुम्हाला भूक लागते, केस कानापर्यंत आलेत,
सोनोग्राफीत काही नाही.
होडी दिसायच्या आधी घारी दिसतात,
तसा हा.

पुळणीवर तुम्ही पेटीवर बसून बोली लावताय.
मला बघून लांबूनच बोटं नाचवता: किती?

मी बर्फवाल्याकडे वळते.
अर्धा किलो, म्हणते,
आणि पंधरा दिवसांनी परत लागेल.