तेवीस किलो

इतवारीत डोंगरे रद्दीवाल्याच्या काट्यावर
बॅग चढवली. भरली पंचवीस सातशे.
"काय काढता, काकू?"
सावजी मसाला काढला नाही,
सांडग्यांचा डबा तर नाहीच.
माझ्या चार साड्या काढल्या
आणि यांच्या चामडी वहाणा.

घरी कूलरसमोर
हे खुर्चीत बसायचा सराव करतात,
सोळा तास जमतील का म्हणून.
पायांत डॉक्टरनं दिलेले घट्ट मोजे,
बाहेर पंचेचाळीस.
दर तासाला उठून
मोरीपर्यंत जाऊन येतात.

आज चौथ्या तासाला विचारलं,
"खाली समुद्र असंल तवा
आपल्याले कळंल का वं?"

आम्ही पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी अंबाझरीचं.
त्याला पलीकडचा काठ दिसतो.

म्हटलं, खिडकी मागितली आहे.
फ्लाइट रात्रीची,
हे नाही सांगितलं.