नीलमोहराच्या महिन्यात

ऑक्टोबरात प्रिटोरियाचे रस्ते जांभळे होतात
आणि आमच्या दारात गाड्यांची रांग लागते.
फुलं पडतात, सडतात, उन्हात चिकटतात;
वरून पाखरांची कृपा.

"घासू नकोस," मी लेहलोहोनोलोला सांगतो,
"आधी सावलीत घे. बॉनेट तळहाताला गार लागू दे.
मग ओलं फडकं डागावर ठेव आणि चहा पिऊन ये."
पोरगं हसतं. त्याला वाटतं, चहा ही गंमत.
चहा हेच काम आहे.

डाग फुगतो, पकड सोडतो.
उरलीच पिवळी कडा, तर स्पिरिट, निम्मं पाणी घालून,
बोटाला कापड गुंडाळून, जरा जरा.
फिल्मच्या कडेला जोराचा फवारा नाही. नख तर नाहीच.
बारीक ओरखडे कोमट पाण्याने आपोआप मिटतात,
कातडीसारखे; कातडीपेक्षा लवकर.

मिसेस लूरेन्सची पांढरी गाडी सहाला तयार.
चष्मा पुसून त्या वाकतात: "हा एक राहिलाच की."

उजव्या दिव्याच्या वर, करडा, अंगठ्याएवढा.
पोरगं फडकं घेऊन धावतं.
मी त्याचं मनगट धरतो.

तो वर नाही. फिल्मच्या खाली आहे.
सहा वर्षांपूर्वी ती मीच बसवली;
नवा होतो, हात थरथरत होते,
म्हातारा रासमुस मागे उभा होता.

"जाईल," मी म्हणतो, "पण मग सगळंच सोलावं लागेल."
त्या तो ठसा बघतात. मग माझा अंगठा.
"राहू दे," म्हणतात, आणि पैसे मोजताना
दहा रँड कमी देतात.