तपासलं, काही नाही

बेगमपुऱ्याच्या बाजूनं विद्यापीठात शिरलं की
पदार्थविज्ञानाची मागची खोली.
लेणीकडच्या खिडकीला काळा कागद, कोपऱ्यात फाटलेला.
कपाटात थंडीत जपलेल्या प्लेटा,
फुग्याला बांधून वर गेलेल्या, सहा तास तरंगलेल्या,
मग कुणाच्या तरी रानात छत्रीसकट उतरलेल्या.

जिलेटिनच्या सायीत चांदीचे दाणे.
एखादा कण जातो, वाटेतले दाणे काळे पडतात.
तो केव्हाच गेलेला असतो.
बाकी सगळं धुकं.

कौतिकाबाई साळवे, स्कॅनर, वर्ग तीन,
सत्तावीस वर्षं एका डोळ्यानं हेच बघत आल्या.
दुसरा मिटायचा नाही, म्हणायच्या,
मिटला की दमतो.
उघडा ठेवून विसरायचा.

आता मी लिहिलेला प्रोग्राम बघतो.
भिंग आपणहून खाली उतरतं, दोन-दोन मायक्रॉन,
थराथराचे फोटो, दाण्याला दाणा जोडून रेघ.
शिकला तो त्यांच्याच वह्यांवरून,
चाळीस वह्या, निळी शाई, रेघेरेघेचा पत्ता.
पहिल्या आठवड्यात त्यानं तेलकट बोटाचा ठसा
लोखंडाचं केंद्रक म्हणून दिला.
दुसऱ्या आठवड्यात नाही दिला.

रात्री वीज गेली, साठाव्या थरावर थांबला.
सकाळी तिथूनच पुढं.
त्याला कंटाळा येत नाही, मी सांगितलं, जरा मिरवतच.
बाई म्हणाल्या, "मंग त्याला कळतं कसं,
कव्हा उठावं ते?"

काल बोलावलं त्यांना. प्लेट एकशे बारा.
पडद्यावर तारा, एका बिंदूतून फुटलेल्या सात रेघा,
आणि तिथून लांब, मध्ये काहीच नसताना,
अचानक दोन टोकांचा चिमटा.
मधून जे गेलं
त्यानं एक दाणाही हलवला नव्हता.
वहीत त्या जागेपुढं बाईंचं अक्षर:
तपासलं, काही नाही.

मला वाटलं, चिडतील.
चष्मा कपाळावर ढकलून तारीखच बघत राहिल्या. गुरुवार.
"लेणीवर वणवा पेटला होता त्या दिवशी.
कागदाच्या फटीतून धूर दिसायचा.
दुसरा डोळा तिकडं गेला असंल."

पेन मागितलं.
जुनं खोडलं नाही.
शेजारी, बारीक अक्षरात, लिहिलं: होतं.
मग खुर्ची पुढं ओढली.
"बघू, पुढची लाव."