कोपरापर्यंत, गार पाण्यानं

फेब्रुवारीत त्याला पान नसतं.
टेविस म्हणाला, "मग भ्यायचं कशाला?"
एकोणीस वर्षांचा पोर, कामाचा पहिला दिवस,
हातमोजे मागच्या खिशात कोंबलेले.

ऑफेलिया बाराहासनं लगेच उत्तर दिलं नाही.
कोयत्याच्या टोकानं एक करडी काडी उचलून धरली,
किरकोळ, सरळ, तुरखाटीसारखी.
"पान म्हणजे त्याची नुसती पाटी," ती म्हणाली,
"राहतो तो सालीत."

सांता लुसियाच्या उतारावर
वणव्यानंतर बुजलेली पायवाट
आम्ही पुन्हा उघडत होतो.
दिवसाकाठी दोनशे पावलं,
ती चांगली चालली म्हणायची.

पॉयझन ओक म्हणतात त्याला इथे.
ओक नव्हेच तो. पानाचा काठ तसा,
म्हणून ते आडनाव चिकटलं.
माझ्या कानाला मात्र दोन्ही शब्द
कुणी हुकूम सोडावा तसे लागतात:
विष, ओक.
आणि हा तर काहीच ओकत नाही.
काटा नाही, वास नाही, फूत्कार नाही.
नुसता लागतो.
बिब्ब्याच्या घराण्यातला,
आंब्याचाही लांबचा भाऊबंद.
एवढ्या मोठ्या गोतावळ्यात
एखादा असा निघायचाच.

ऑफेलियाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते.
बाही मनगटाशी चिकटपट्टीनं बांधायची.
घाम पुसायचा खांद्यानं, बोटांनी नाही.
लघवीला जाण्याआधी हात धुवायचे,
नंतरचं नंतर.
यावर नवीन माणूस हसतो. फार तर आठवडाभर.
आणि छाटलेल्या काड्यांची शेकोटी नाही,
थंडीनं दात वाजले तरी नाही.
"धूर छातीत उतरला
तर खाजवायला हात कुठून घालशील?"

जेवणाआधी एकदा, साडेतीनला एकदा
ती पिकअपच्या फळीवर पाण्याचा डबा ठेवायची.
साबण, फडकं.
कडाक्याच्या दिवशीसुद्धा पाणी गारच.
आणि घासायचं असं, की हाताला ग्रीस लागलंय,
फक्त ते दिसत नाहीये.
कोपरापर्यंत.
मग कुऱ्हाडीचे दांडे, करवतीची मूठ,
मग बुटांच्या नाड्या.
नाड्या सगळेच विसरतात.
(मी विसरलो होतो. एप्रिलभर
चमचा धरता येत नव्हता.)

डेल्मर प्रुइट रांगेत उभा राहत नसे.
चौतीस वर्षं रानात, अंगावर एक पुरळ नाही.
पैज लागली तर पान गालावर चोळून दाखवी.
आम्ही घासत असताना तो बॉनेटला टेकून
सफरचंद खायचा, चाकूनं कापून, सावकाश.

त्या दिवशी टेविसनं सहज विचारलं असावं,
घरी कोण कोण असतं, वगैरे.
डेल्मर म्हणाला, बायको. इर्मा.
"तिची कातडीच नाजूक.
दर वसंतात हात फुटतात, गळा सुजतो.
कपड्याचा साबण नऊ वेळा बदलला आम्ही.
डॉक्टर म्हणतो, आणखी एक बदलून बघा."

ऑफेलिया फडकं पिळत होती.
मान वर न करता तिनं विचारलं,
"तुझे शर्ट कोण धुतं?"

चाकू थांबला.
खाली दरीत कुठेतरी
सुतारपक्षी ठोकत होता, तोही थांबला,
किंवा मला तसं वाटलं.

डेल्मर आला. त्यानं बाह्या वर सारल्या,
पांढरे, निरोगी, एक डाग नसलेले हात,
आणि घासू लागला.
पाणी संपलं तरी घासतच होता.
चौतीस वर्षं उतरायला किती साबण लागतो
हे ऑफेलियालाही ठाऊक नसावं.
तिनं दुसरा डबा उघडला.

टेविसनं मागच्या खिशातून हातमोजे काढले,
घातले,
आणि खाली बसून
म्हाताऱ्याच्या बुटांच्या नाड्या
सोडू लागला.